कावळा आला तेव्हा शेट कुठे होता

मी वकील नाही. पनवेलच्या कोर्टाच्या आवारात लोक मला वकीलसाहेब म्हणायचे, कारण बगलेत फाइल असायची आणि अंगात पांढरा शर्ट. मी वकिलाचा कारकून. शिक्षण सातवी. या अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "मोकलकाका, तुमच्या कामाबद्दल लिहा ना. वाचकांना गंमत वाटेल." गंमत हवी असेल तर दुसरं घर बघा, असं मी तोंडावर सांगितलं. बिचाऱ्या चहा प्याल्या. तोही मी केलेला, म्हणजे कडूच. त्या गेल्यावर वाटलं, लिहून टाकावं. हा सगळा राग मी रोज जेवताना ज्या माणसाला ऐकवायचो, ते माणूस आता नाही.

आधी काम सांगतो. माणूस मरतो. त्याच्या नावावर प्लॉट असतो, बँकेत थोडंफार असतं, एखादी गाडी असते. बायको बँकेत जाते. बँकवाला मान वर न करता म्हणतो, वारस दाखला आणा. मग ती आमच्याकडे येते. आम्ही कोर्टात अर्ज करतो, की अमुक इसम मयत झाले आणि हे त्यांचे वारस. कोर्ट लगेच दाखला देत नाही. आधी जाहीर नोटीस काढतं. ती पेपरात छापायची, कोर्टाच्या फळ्यावर लावायची आणि मयताच्या दारावर चिकटवायची. चिकटवायचं काम कोर्टाच्या बेलिफाचं. त्याला घर दाखवायचं काम माझं. नोटिशीत लिहिलेलं असतं की कोणाची हरकत असेल त्याने मुदतीत हजर व्हावे.

आणि लोक हजर होतात हो! जिवंतपणी ज्याच्या दारावरून कोणी जात नव्हतं, त्याच्या मरणानंतर रांग लागते. मयताचं आमच्याकडे देणं आहे, म्हणतात. कायदा यात सरळ आहे. मेलेल्या माणसाचं देणं त्याने मागे ठेवलेल्या मिळकतीतून फेडायचं. बायकोच्या माहेरच्या दागिन्यांतून नाही, मुलाच्या पगारातून नाही. आणि देणं होतं हे मागणाऱ्याने दाखवायचं. कागद दाखव, सही दाखव, साक्षीदार आण. आमच्या वकीलबाई, लिमयेबाई, निकालाचं बघायच्या. पण त्याआधी ही रांग माझ्या बाकावर बसायची. मी एकेकाला विचारायचो, "कागद?" ऐंशी टक्के लोक या एका शब्दावर उठून जायचे. टक्के मी मोजलेले नाहीत, पण बाक रिकामा व्हायचा एवढं खरं.

काय काय मागणारे बघितले! एक जण शिडी मागायला आला. मयताने पावसाळ्याआधी कौलं शाकारायला नेली होती म्हणे. ती दिली आम्ही, त्याचीच होती. एक मांडववाला आला आणि मयताच्या तेराव्याच्या मांडवाचं बिल मयताच्या देण्यात घाला म्हणाला. मी म्हटलं, "मेलेल्या माणसाने येऊन मांडव ठरवला का रे तुझ्याकडे?" एक गृहस्थ तर आले की मयताने त्यांच्या मुलीला सून करून घ्यायचा शब्द दिला होता, त्या भरवशावर त्यांनी घराला रंग काढला, तर रंगाचा खर्च द्या. मयताचा मुलगा शेजारीच बसला होता. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. तो पाणी प्यायला म्हणून उठला तो परत आलाच नाही.

ह्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग दुसऱ्यांवर. जे माझ्या बाकावर बसतच नाहीत, त्यांच्यावर. त्यांना नोटिशीची गरज नसते. ते पहिल्या दिवसापासून घरात असतात. तिरडीला हात लावतात, बाईला पाणी देतात आणि तेरा दिवसांच्या आत तिच्याकडून काय हवं ते वदवून घेतात. त्या दिवसांत बाईला विचारलं, तुझं नाव काय, तर ती बघत राहते. अशा बाईपुढे कागद सरकवणारा माणूस माझ्या मते चोर. आणि आजूबाजूला उभे राहून तो तमाशा बघणारं गाव? त्यांना काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

गव्हाणच्या जनाबायचं सांगतो. नाव बदललंय, गाव बदललेलं नाही, कारण गावाने लाजावं असं मला वाटतं.

तिचा नवरा धर्माजी. शेतजमीन सरकारने घेतली, त्या बदल्यात एक प्लॉट मिळाला. त्याने कर्ज काढून ट्रेलर घेतला आणि न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर ओढायला लागला. एक दिवस गेटबाहेर गाड्यांची रांग लागली होती. पुढची गाडी सरकली, धर्माजीची सरकेना. मागच्यांनी हॉर्न वाजवले, आईबहिणीवरून शिव्या दिल्या. बराच वेळ हॉर्न वाजल्यावर एक जण वर केबिनला चढला, तेव्हा कळलं की हा स्टेअरिंगवरच गेलेला आहे. जनाबायने मला हे सांगितलं तेव्हा ती नवऱ्याच्या मरणापाशी थांबली नाही. त्या हॉर्नपाशी रडली.

घर सासऱ्याच्या नावावर, त्यात चार दीर. ट्रेलर कर्जवाल्या कंपनीची माणसं सुतकातच घेऊन गेली. चावी मागितली, हिने दिली. म्हणजे तिचं आणि कॉलेजात जाणाऱ्या तिच्या मुलीचं म्हणून जे काही या जगात उरलं होतं ते म्हणजे तो एक प्लॉट आणि बँकेत थोडीशी शिल्लक. तेव्हा तिकडे प्लॉटचे भाव रोज चढत होते. गावात ज्याला त्याला प्लॉटची स्वप्नं पडत होती.

तिने आमच्यामार्फत दाखल्याचा अर्ज केला होता. मी बेलिफाला घेऊन नोटीस लावायला गेलो. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत एक जाडजूड माणूस पायावर पाय टाकून बसलेला. बोटांत अंगठ्या, समोर टेबलावर दोन मोबाइल. हा जगनशेट. प्लॉटची दलाली करायचा. आम्हाला बघून आत ओरडला, "जना, पावने आयलेत, चाय टाक!"

मी विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"मी? मी घरचाच." नोटीस वाचून तो हसला. "हरकत कोन घेनार? सगला ठरलेला हाय. पलाट माझ्याकरं येतोय. धर्माचा नि माझा व्यवहार व्हता."

"कागद?"

"मोकलभाव, आमच्यात कागद नाय लागत. शब्द लागतो."

जनाबाय चहा घेऊन बाहेर आली. डोक्यावरून पदर, डोळे खोल गेलेले. ती म्हणाली, "हा, भाऊ. शेटचा व्यवहार मना पुरा करायचा हाय. मी कावल्यासमोर शब्द दिलाय."

काय झालं ते तिने तिथेच सांगितलं, शेटच्या देखत. दहाव्याला सगळे खाडीवर गेले. पिंड ठेवले. कावळे तिवराच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. आपल्याकडे याचा अर्थ काय लावतात ते सांगायला नको. मेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय. दिराने हात जोडून सांगितलं, पोरीचं शिक्षण करू. कावळा हलला नाही. आईला सांभाळू. नाही. भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा डोक्यावर टॉवेल घेऊन उभा असलेला जगनशेट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "धर्माचा जीव माझ्या व्यवहारात अरकलाय. त्याला ठावं हाय. वयनीला बोलू द्या." मग बायकांच्या घोळक्यातून हिला पुढे आणलं. हिने हात जोडले आणि बोलली, "शेटचा जा काय असंल ता मी पुरा करीन. पलाट देन. तुमी सुटा."

"आनि कावला शिवला, भाऊ. सगल्या गावानी बगला."

तेराव्याला जगनशेटने स्टॅम्पपेपर आणून तिची सही घेतली. तिने न वाचता केली.

मी चहा न पिता उठलो. बेलीफ प्याला. त्याचं काय, तो सरकारी माणूस.

लिमयेबाईंनी जनाबायला ऑफिसात बोलावून घेतलं. टपाल नाक्यावर जिना चढून एक खोली, एवढंच आमचं ऑफिस. बाई कडक, पण समजावून सांगायच्या. म्हणाल्या, "हे बघ जनाबाई. हा कागद तुझ्या सहीचा आहे. यावरून धर्माजीने पैसे घेतले होते हे सिद्ध होत नाही. त्याचं देणं असेल तर जगनशेटने धर्माजीची सही दाखवावी. नाहीतर हा कागद मी कोर्टात टिकू देणार नाही."

जनाबाय खाली मान घालून म्हणाली, "बाय, कायदा तुमचा बराबर हाय. पन त्यो थितं लटकलाय, त्याचा काय? मी शब्द मोरला तर त्यो परत अरकंल."

"अगं, पण मुलीचं काय?"

"पोरीचा बगंल देव."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती निघून गेल्यावर मला म्हणाल्या, "मोकल, समोरच्या माणसाला मी हरवू शकते. हिनेच उभं राहून सांगितलं की मला द्यायचं आहे, तर मी कोणाशी लढू?"

त्याच आठवड्यात खरा घेणेकरीही येऊन गेला. म्हणजे खरं देणं मागणारा. करीमभाई, जुन्या पनवेलात टायरचं दुकान. धर्माजीच्या सहीची बिलं घेऊन आला, बाकावर ठेवली आणि म्हणाला, "मोकलसाब, घाई बिलकुल नाय. पहले त्यांचा चाळीसवा होऊन जाऊ द्या." आपल्यात चाळिसावा नसतो हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. ज्याच्याकडे कागद होता तो थांबायला तयार होता, आणि ज्याच्याकडे काही नव्हतं तो ओटीवर बसून चहा मागवत होता. मला सांगा, रक्त उकळेल का नाही?

घरी येऊन मी ताटावर ओरडत होतो. शालन, माझी बायको, भिजवलेले वाल सोलत बसली होती. सोललेले वाल ती पनवेलच्या बाजारात विकायची. तिचं माहेर उरणच्या बाजूचं, बोलणं माझ्यासारखं झालेलं, पण चिडली की मूळ बोली बाहेर यायची. माझं सगळं ऐकून घेतलं. मी म्हणत होतो, अडाणी बाई, कावळ्याच्या नादाने पोरीचं वाटोळं करणार.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही तिला कायदा सांगितलात."

"मग काय सांगू?"

"बाईंनी पण कायदाच सांगितला. कावळ्याचं कोणी विचारलं का तिला?"

"कावळ्याचं काय विचारायचं? आला आणि शिवला."

"कधी आला? कुठून आला? कोण कुठं होतं?" तिने वालाची सालं पाटीत टाकली. "तुम्ही साक्षीदाराला हे सगळं विचारता ना कोर्टात? मग ती गावभर सांगतेय की कावळा साक्षीदार हाय, तर त्याला एक प्रश्न तरी इचारा की!"

रविवारी आम्ही दोघं सहा सीटर रिक्षाने गव्हाणला गेलो. शालनने पिशवीत सोललेले वाल घेतले होते. तिने मला ओटीवर बसवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. आधी बराच वेळ दोघी वालांबद्दलच बोलल्या. यंदा महाग झालेत, आत किडके निघतात. माझा जीव वर-खाली. मग शालन सहज विचारल्यासारखं म्हणाली, "जना, तू हात जोडलंस नि कावला लगेच आयला का गं?"

"लगेच नाय. थोरा वखत गेला."

"मंग त्या वखतात काय झाला?"

"काय व्हनार? आमी सगली उबी. कावला झारावर."

"शेट?"

"शेट पुरंच व्हता. पिंडाच्या बाजूला." मग ती थांबली. "नाय. शेटचा फोन वाजला. त्यो गारीकरं गेला. वर रस्त्यावर गारी व्हती त्याची."

"आनि?"

"आनि कावला आयला."

मी ओटीवरून दाराकडे सरकलो.

शालन अगदी हळू म्हणाली, "बाय, म्हंजी तू शब्द दिलास तवा नाय आयला. त्यो मानूस थितून हटला, तवा आयला."

नंतर जे रडणं ऐकू आलं ते मी मयतीच्या घरात खूप वेळा ऐकलंय, पण त्या दिवशी त्यात वेगळं काही होतं. सुटल्यासारखं. शालन तिला जवळ घेऊन म्हणत होती, "धर्माभाव तुज्यावर रागावलेला नाय गं. त्याला त्यो मानूस पिंडाजवल नको व्हता."

येताना मी शालनला विचारलं, "तुझा यावर खरंच विश्वास आहे?"

"कशावर?"

"कावळ्यावर."

"तिचा हाय ना," ती म्हणाली आणि बाहेर रस्त्याकडे बघायला लागली.

पुढे तडजोडीची तारीख ठरली. कोर्टात जाण्याआधी सगळ्यांनी ऑफिसात बसून मिटवायचं. मिटलं की लिहून कोर्टात द्यायचं आणि प्लॉट गेला. जगनशेट गावातली चार माणसं घेऊन आला. त्यात पोशादादा म्हणून एक म्हातारा होता, धर्माजीचा चुलता. बाईंनी विचारलं, "हे कशाचे साक्षीदार?"

"शब्दाचे," जगनशेट म्हणाला. "वयनीनी कावल्यासमोर शब्द दिलाय, सगल्यांनी बगलाय. इचारा."

पोशादादाने मान हलवली. "दिला शब्द. खोटा कशाला बोलू?"

जनाबाय भिंतीला टेकून बसली होती. ती उभी राहिली. लिमयेबाईंकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. सरळ त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. "शेट, कावला आयला तवा तुमी कुठं व्हतात?"

"म्हंजी काय? थितंच व्हतो."

"थितंच कुठं?"

"अगं, पिंडाजवल!"

"ए जगन, खोटा नको बोलूस," पोशादादा म्हणाला. त्याला वाईट हेतू काही नव्हता, म्हाताऱ्याला आठवलं म्हणून बोलला. "तुजा फोन नाय का वाजला? त्यात ता नाचायचा गाना लावलेला. मी बोललो पन, मयतीला आयलायस का हलदीला? तू पलालास गारीकरं."

दुसरा एक जण म्हणाला, "खरा हाय. शेट गारीत बोलत व्हता. आमीच बोंबललाव, शिवला शिवला, तवा त्यो धावत आयला."

मग चौघेही एकमेकांकडे बघायला लागले. हळूहळू शेट हटल्यावरच कावळा आला, हे त्यांच्या तोंडावर उमटायला लागलं. पोशादादाने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "अरं देवा," एवढंच म्हणाला.

जगनशेट चिडला. "काय लहान पोरांसारखा लावलाय! कावला हाय तो, कधी पन येतो! त्याचा काय धरून बसायचा?"

लिमयेबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कावळ्याचं काही धरायचं नाही, असं तुमचं म्हणणं?"

"नायच धरायचा!"

"उत्तम. मग शब्दही गेला. धर्माजीच्या सहीचं काही असेल तर दाखवा."

काही नव्हतं. कधीच नव्हतं. मोबाइल उचलून तो जिना उतरला, खालून ओरडला की कोर्टात बघून घेईन. बघितलं त्याने. हरकत घेतली. कोर्टाने विचारलं, पुरावा काय? तिथे कावळा चालत नाही. म्हणाले, देणं असेल तर वेगळा दावा करा. तो त्याने कधी केला नाही. जनाबायला दाखला मिळाला, प्लॉट तिच्या आणि मुलीच्या नावावर लागला. तिने पहिलं काम केलं ते म्हणजे बँकेतल्या शिलकेतून करीमभाईचं बिल चुकतं केलं. करीमभाईने पैसे घेतले आणि बाकावर बसून डोळे पुसले. मी म्हटलं, "अहो, तुम्ही का रडता?" तर म्हणाला, "आदमी टायर घासून घासून चालवायचा, मोकलसाब. नवा घे म्हटलं की म्हणायचा, पुढच्या महिन्यात."

जगनशेटचं पुढे काय झालं म्हणून विचाराल. काही झालं नाही. आणखी मोठी गाडी घेतली. अजून लोकांच्या दहाव्याला जातो, टॉवेल डोक्यावर घेऊन पुढे उभा राहतो आणि लोक त्याला जागा करून देतात. ट्रेलर गेला तो गेलाच, त्या कंपनीने कवडीमोलाने फुंकला. ह्याचा निकाल कुठल्या कोर्टात लागतो ते मला कोणी सांगितलं नाही. लिमयेबाईंनी हा किस्सा वकिलांच्या खोलीत सांगितला, सगळे पोट धरून हसले. किस्सा छान रंगवला बाईंनी. त्यात शालनचं नाव नव्हतं. मी चहा द्यायला आत गेलो होतो, मी ऐकलं. ते मी बाईंना कधी माफ केलं नाही आणि आता त्याही नाहीत.

पुढे मी काम सोडलं. मागच्या वर्षी शालन गेली. आजाराचं लिहीत नाही, त्यात दवाखान्यांवर राग काढावा लागेल आणि संपादकबाई तो कापतील.

दहाव्याला गाढी नदीच्या काठावर गेलो. नातेवाईक, बाजारातल्या तिच्या ओळखीच्या बायका, जनाबायही आली होती गव्हाणहून, केस पांढरे झालेले. पिंड ठेवले. कावळे समोर झाडावर. एकही हलेना. लोक माझ्याकडे बघायला लागले. काहीतरी कबूल करा म्हणून कुजबुज सुरू झाली. मी काय कबूल करू? मूल नाही, बाळ नाही.

तेवढ्यात तिचा भाऊ, माझा मेहुणा, पुढे आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, ताईने तिच्या पाटल्या माझ्या सुनेला देईन म्हणून सांगितलं होतं. त्यातच जीव अडकलाय तिचा. कबूल करा म्हणजे सुटेल."

माझ्या डोळ्यांपुढे जगनशेट उभा राहिला. तोच टॉवेल, तोच आवाज. माझ्या शालनच्या पिंडाजवळ! मी ओरडलो, "कागद?"

भटजी दचकले. मेहुणा म्हणाला, "कागद? दाजी, बहीण होती ती माझी!"

"चल, हट तिथून! गाडीकडे जा. फोन आलाय तुला."

"मला कुठे फोन आलाय?"

"जा म्हणतो ना!"

तो गेला. पाय आपटत वर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मी झाडाकडे बघितलं. मला वाटलं, आता येईल.

नाही आला.

म्हणजे मेहुणा खरं बोलत होता. पाटल्या मी नंतर त्याच्या सुनेला देऊन टाकल्या, कागद न विचारता. मेहुण्याशी मात्र अजून बोलत नाही. त्याने ती जागा निवडायला नको होती.

ऊन चढलं. लोक सावलीला सरकले. मी पिंडाजवळ उभा. मग जनाबाय आली आणि माझ्या कोपराला हात लावला. "भाऊ, तुमी सरका."

"मी?"

"तुमी हितं उबं हाव. ती कशी जाईल?"

मी म्हटलं, "मी कुठं जाऊ, जनाबाय?"

"वर. गारीकरं." तिचा आवाज शालनसारखा हळू झाला होता. "जावा, भाऊ."

मी वळलो आणि चढ चढायला लागलो. मेहुण्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, त्याच्याकडे न बघता. तेवढ्यात मागून बायका ओरडल्या, शिवला, शिवला! सगळे एकदम मोकळं बोलायला लागले, कोणी हसलंसुद्धा. मला हाका मारत होते, बघायला या म्हणून.

मी गेलो नाही. आयुष्यभर मी लोकांची दारं दाखवली आणि तिथे नोटीस चिकटली, की कोणाची हरकत असेल त्याने हजर व्हावे. माझी हरकत होती. मी हजर होतो. मला कोणी विचारलं नाही.